रांदोसेरू: ३५ हजाराचं दप्तर साडेतीन वर्षं वापरल्यावर

डिसेंबर २०२१ मधे आम्ही इथे टोकियोत लेकीसाठी रांदोसेरू, म्हणजे जपानी शाळेचं दप्तर, घ्यायला गेलो आणि दुकानातल्या बाईंनी कमरेत वाकून, दहा वेळा सॉरी म्हणत सांगितलं की तुम्ही उशीर केलात. शाळा सुरू होणार एप्रिल २०२२ ला. मी म्हटलं अहो अजून चार महिने आहेत, आमच्याकडे सोमवारी शाळा उघडणार असेल तर रविवारी दप्तर घेतात, ते पण भर पावसात, एका हातात छत्री आणि एका हातात वह्यांचा गठ्ठा धरून. नंतर कळलं की इथे आदल्या वर्षीच्या मेपासूनच लोक दुकानं फिरतात, कॅटलॉग मागवतात, पोरांच्या पाठीवर घालून घालून बघतात, आणि या सगळ्या उपद्व्यापाला एक खास नाव पण आहे, रान-कात्सु, म्हणजे रांदोसेरू शोधायची मोहीम. लेकीला लॅव्हेंडर हवं होतं, ते अर्थातच संपलेलं. शेवटी गुळाच्या ढेपेच्या रंगाचं मिळालं. ती रडली, मी नाही रडले, पण किंमत बघून रडायला हवं होतं.

किंमत सांगते. ५३ हजार येन, तेव्हाच्या भावाने साधारण ३५ हजार रुपये. आणि हे काही फार भारीतलं नाही, ५०-६० हजार येन ही तेव्हा इथली सर्वसाधारण किंमत होती, नितोरीसारख्या दुकानात बरंच स्वस्त मिळतं आणि घोड्याच्या कातड्याचं वगैरे घेतलंत तर लाख येनच्या वर जातं. जपानी घरांत हे बहुतेक आजी-आजोबा घेऊन देतात, त्यामुळे माझ्या नवऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगलीला फोन केला. सासरे म्हणाले, अरे एवढ्यात सेकंडहँड लूना येईल. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता, चामड्याचं आहे म्हणतोस तर कशाचं चामडं, गाईचं नाही ना. आम्ही खरंच गाईच्या चामड्याचं नाही घेतलं, आमचं कुरारिनोचं आहे, म्हणजे कुरारे कंपनीचं कृत्रिम चामडं, हलकं असतं, पावसाने खराब होत नाही आणि सांगलीला शांतता राहते. पैसे त्यांनी पाठवले, अगदी सगळे. लूनाचा विषय मात्र अजून निघतो.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, रांदोसेरू म्हणजे एक कडक चौकोनी पेटीच असते पाठीवर लावायची. वरचं झाकण अख्खं पुढून खालपर्यंत येतं आणि तळाशी एक गोल लॉक असतं, आमच्याकडे चुंबकाचं आहे, नुसतं जवळ नेलं की खट्ट करून स्वतःच फिरतं आणि बसतं. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पारदर्शक कप्पा, त्यात वेळापत्रकाचा कागद सरकवायचा. एका खांद्याच्या पट्ट्याला कडी, तिथे धोक्याच्या वेळी पोरांनी वाजवायचा अलार्म अडकवायचा, त्याचं पुढे सांगते. दोन्ही बाजूंना हुक आहेत आणि ते मुद्दाम असे केलेत की जोरात ओढ बसली तर आपोआप सुटतात, म्हणजे हुकाला लावलेली पिशवी गाडीच्या दारात वगैरे अडकली तरी पोरगं मागोमाग फरफटत जाणार नाही. कडांना रिफ्लेक्टर. पट्ट्यांना बेल्टसारखी भोकं, पहिलीपासून सहावीपर्यंत एकेक भोक पुढे. सहा वर्षांची गॅरंटी. रिकाम्याचं वजन १.२ किलो. माझ्या मते कारीगरीत नाव ठेवायला जागा नाही, शिवण बघून माझ्या आईने (ती शिवणकाम करते) दोन वेळा आत हात घालून उलटंसुलटं करून पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाली, जे तिच्याकडून फार मोठं आहे.

आणि गंमत ऐका, ज्या रंगासाठी एवढी रडारड झाली तो पहिलं वर्षभर दिसलाच नाही. कारण पहिलीच्या सगळ्या पोरांनी रांदोसेरूवर पिवळं कव्हर घालायचं असतं, रस्त्यावर गाडीवाल्यांना लांबून कळावं की हे नवशिकं चालणारं आहे. आपल्याकडे गाडीला लाल L लावतात तसं इथे पोराला पिवळं कव्हर लावतात. एप्रिलमधे सकाळी आठला आमच्या निशी-कासाईच्या गल्लीत बघाल तर नुसत्या पिवळ्या पेट्या चाललेल्या असतात, खाली दोन काटकुळे पाय.

निशी-कासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं आपल्या लोकांचं गाव म्हणा. याच वॉर्डात २०१९ मधे योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, म्हणजे इथे गणपतीला ढोल ऐकू आला तरी कोणी दचकत नाही. आपल्या बऱ्याच लोकांची मुलं भारतीय शाळांमधे जातात, इंग्रजी माध्यम, सीबीएसई, परत गेलो तर अडायला नको म्हणून. तिथे रांदोसेरू लागत नाही. आम्ही सरकारी जपानी शाळेत घातलं, एक तर फी नाही, पुस्तकं फुकट आणि शाळा घरापासून ८५० मीटर. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही पण मागितलं तर प्रवेश देतात, नाही म्हणत नाहीत.

तर ते ८५० मीटर. मला वाटलं मी सोडायला जाईन. पहिले काही दिवस शिक्षकांनी घराच्या दिशेप्रमाणे गट करून मुलांना अर्ध्यापर्यंत सोडलं आणि मग एक दिवस ते संपलं. सहा वर्षाची पोरगी, दोन सिग्नल, एकटी. शाळेत जाण्याचा रस्ता ठरवून दिलेला असतो, त्यानेच जायचं, वाटेत चौकात पिवळे झेंडे घेऊन कोणी आजोबा नाहीतर कोणाची तरी आई उभी असते (वर्षातून काही वेळा ती आई मी असते, सकाळी पावणेआठला, थंडीत, बोटं गळून पडतात), काही घरांवर दुकानांवर स्टिकर असतो की भीती वाटली तर इथे पळत ये. तरीही पहिल्या दिवशी मी खांबाच्या आडून मागे गेले. पुढे अजून एक आई दुसऱ्या खांबाआड होती, जपानी. आम्ही एकमेकींना बघून मान वाकवली आणि काही बोललो नाही.

तेव्हा मला हे दप्तर कळलं. दुकानात मी ते आपल्या नजरेने बघत होते, काय महाग, काय जड, कप्पे किती कमी. पण रिफ्लेक्टर, सुटणारे हुक, अलार्मची कडी, दोन्ही हात मोकळे, मागे पडलं तर डोकं जमिनीवर आपटायच्या आधी पेटी टेकते असं म्हणतात, हे सगळं कशासाठी तर बरोबर कोणीच नसणार हे धरून. आपलं दप्तर बनवणाऱ्याने कधीच हे धरलेलं नसतं. त्याला माहीत असतं की हे आईच्या खांद्यावर नाहीतर रिक्षाच्या दांडीला लटकणार.

यावरून थोडं इतिहासाचं, कारण मला हे वाचून हसूच आलं. रांदोसेरू हा शब्द डच, सैनिकांच्या पाठीवरच्या पिशवीचा. टोकियोत गाकुशुइन नावाची बड्या घरच्या मुलांची शाळा, तिथे १८८५ च्या सुमाराला मुलं घोडागाडीतून नाहीतर माणसाने ओढायच्या रिक्षातून यायची आणि सामान नोकर उचलायचे. शाळेने सांगितलं ते बंद, चालत या आणि आपलं ओझं आपण पाठीवर आणा. मग १८८७ ला इतो हिरोबुमी, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान, यांनी युवराजाला शाळेत जाताना अशी पेटीसारखी बॅग भेट दिली आणि तिथून हा आकार आला म्हणतात. म्हणजे बघा, रिक्षा बंद करायला आणलेली वस्तू आहे ही. आणि आपला दप्तर हा शब्द फारसी, सरकारी कागदांचा, पेशवे दप्तरातला. यांच्या पोरांच्या पाठीवर सैन्य, आपल्या पोरांच्या पाठीवर कचेरी. असो.

आता अलार्म. शाळेकडून मिळाला, दोरी ओढली की असा किंचाळतो की कानाचे पडदे. एकदा रविवारी तिला कौतुकाने रांदोसेरू घालून फोटो काढायला नेलं आणि तोझाई लाईनच्या गच्च डब्यात कोणाच्या तरी छत्रीत दोरी अडकली. पिन खाली पडली ती सापडेना, पिन लावल्याशिवाय बंद होत नाही. अख्ख्या डब्यात एकही माणूस वळून बघेना आणि सगळ्यांना ऐकू येतंय हे सगळ्यांना माहिती. कासाईला उतरलो. तेव्हापासून मी दोरी आत खोचून ठेवते, जे करू नये असं शाळेने लिहून दिलंय.

तक्रारी. उन्हाळ्यात पाठ भिजून चिंब होते, मागे कितीही खाचा पाडून हवा खेळते म्हणून लिहिलेलं असलं तरी टोकियोच्या जुलैत काही खेळत बिळत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण दुसरीत असताना खांद्याच्या पट्ट्याचा वरचा धातूचा जोड निखळला, गॅरंटी आहे म्हणून फोन केला तर सगळं फक्त जपानीत आणि अशा आदराच्या जपानीत की मला "पाठवा" म्हणतायत का "पाठवू नका" हेच कळेना, शेवटी ऑफिसातल्या एकीला फोनवर घेतलं. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. पण तोपर्यंत वापरायला त्यांनी दुसरं रांदोसेरू पाठवलं, फुकट, आणि दुरुस्त होऊन आलं तेव्हा न सांगता लॉक पण साफ करून दिलं होतं, त्यामुळे धड चिडता पण आलं नाही.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र ही की यात डबा बसत नाही. बाटलीला पण जागा नाही, ती वेगळी गळ्यात. मी आधी म्हटलं हे कसलं डिझाईन. मग कळलं की डब्याचा प्रश्नच नाही कारण दुपारचं जेवण शाळेत, सगळ्यांना एकच, पोरंच पांढरे डगले आणि टोप्या घालून वाढतात आणि वर्गातच जेवतात. टोकियोत हल्ली सरकारी शाळांमधे ते मोफत पण झालंय. मेनूचा कागद महिन्याच्या आधी घरी येतो, त्यात कॅलरी सुद्धा लिहिलेल्या. आमची ती २०२२ ला गेली तेव्हा कोरोनामुळे जेवताना बोलायचं नाही, सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून जेवायचं असा नियम होता, ते ऐकून माझ्या पोटात तुटलं होतं. आम्ही अंडी चिकन खातो पण बीफ पोर्क नाही, शाकाहारी असा वेगळा पर्याय आमच्या शाळेत नाही, त्यामुळे ज्या दिवशी मेनूत ते असेल त्या दिवशी मी पराठ्याचा डबा देते आणि तो डबा रांदोसेरूत उभा घालावा लागतो आणि लोणच्याचं तेल जपानी वाचनाच्या पुस्तकावर. त्या पुस्तकातल्या कोल्ह्याच्या गोष्टीला अजून माझ्या आईच्या लोणच्याचा वास येतो.

आता वजन. इथे मी जरा प्रामाणिकपणे लिहिते कारण भारतात सगळ्यांना वाटतं की जपानची पोरं फुलपाखरासारखी शाळेत जातात. यंदा ऑगस्टमधे उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला गेलो (इथे वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि जुलैअखेर ते ऑगस्ट सुट्टी), तेव्हा दिराच्या मुलाच्या शाळेत ओळखीने चार दिवस तिला नुसतं बसू दिलं. ती चौथीत, तो तिसरीत. ती हट्टाने रांदोसेरू घेऊन आली होती, विमानात हँडबॅग म्हणून. मग आम्ही परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घरात असतो तो बॅगा तोलायचा हुकवाला काटा काढला आणि दोघांची दप्तरं लटकवली. त्याचं डबा बाटलीसकट ४.८ किलो. तिचं, टोकियोतला नेहमीचा दिवस धरून, ४.६. कारण पुस्तकं फुकट असली तरी गुळगुळीत जाड कागदाची, त्यात प्रत्येक मुलाला सरकारने दिलेला टॅबलेट, तो रोज ने आण. पेटीचे १.२ तर आधीच गेले. २०१८ मधे इथल्या शिक्षण मंत्रालयाने शाळांना कळवलं होतं की रोज लागत नाहीत ती पुस्तकं मुलांना शाळेत ठेवू द्या, पण आमच्या बाई म्हणतात वाचन घरी करायचंय ना, मग पुस्तक घरी. रोज मोठ्याने वाचायचं आणि आईने कार्डावर सही करायची असा गृहपाठ असतो.

आपल्याकडे पण कागदावर सगळं छान आहे. १९९३ चा यशपाल समितीचा अहवाल याच ओझ्यावर, २०१५ ला महाराष्ट्र सरकारने दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं म्हणून सांगितलं, २०२० ला केंद्राचं दप्तर धोरण आलं. पुतण्याचं वजन २२ किलो, म्हणजे दप्तर २.२ हवं, आहे ४.८. मधे बालभारतीने चार भागांची पुस्तकं काढली होती, मधे मधे वहीची कोरी पानं, म्हणजे तीन महिन्याला एकच जाडसं पुस्तक न्यायचं. दुसरीत त्याला तेच होतं आणि जाऊबाई खुश होत्या. पण मुलं वह्या पण नेतच राहिली, आणि २०२५ ला ते बंद करून पुन्हा जुनी पद्धत. जाऊबाई म्हणाल्या, कोरी पानं त्याने विमानं करून संपवली ओ.

पण ४.८ आणि ४.६ सारखे नाहीत, हे पहिल्या सकाळी कळलं. रिक्षावाले काका आले. आत आधीच नऊ पोरं. त्याचं दप्तर काकांनी न बघता एका झटक्यात बाहेरच्या दांडीला अडकवलं, जसं काही त्याला तिथेच उगवायचं होतं. मग रांदोसेरू हातात घेतलं, फिरवलं, दांडीला लावून बघितलं, लागेना, टपावर ठेवून बघितलं, घरंगळलं. "वहिनी, ह्यो पेटारा कुठं ठिवू?" शेवटी एका पोराच्या जागेवर रांदोसेरू बसलं आणि ते पोरगं रांदोसेरूवर बसलं. ३५ हजाराच्या वस्तूचा इतका नेमका उपयोग टोकियोत कधी झाला नव्हता. तिचे ४.६ किलो रोज ८५० मीटर जातात, त्याचे ४.८ दारापासून रिक्षा आणि रिक्षापासून वर्ग, मिळून चाळीस पावलं.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली मी चालत जाते, शाळा तर दिसतेय गच्चीवरून. सहाशे मीटर पण नसेल. घरात असं काही वातावरण झालं की जणू ती म्हणतेय मी कृष्णेत पोहत जाते. सासरे म्हणाले कुत्री आहेत. दीर म्हणाला त्या वळणावर बस कशी येते माहितीय का. फुटपाथ नाही हे कोणी म्हणालं पण नाही कारण तो असतो हेच लक्षात नाही. मी पण नाहीच म्हणाले, हे लिहायलाच हवं. आणि मी? ९० च्या दशकात याच सांगली जिल्ह्यात, पहिलीपासून मी एकटी, म्हणजे शेजारच्या दोघींबरोबर, ओढा ओलांडून शाळेत जायचे, कापडाची पिशवी गळ्यात, त्यात पाटी, दोन पुस्तकं आणि गूळ-पोळी. तेव्हा पण कुत्री होतीच की. सासरे तर अनवाणी जायचे, हे ते रोज सांगतात. तेव्हा आमच्या गावात कोणी पिवळे झेंडे घेऊन उभं नव्हतं, फक्त प्रत्येक दारातली बाई ओळखत होती की ही अमक्याची पोरगी, आणि उशीर झाला तर ओरडत पण होती.

लेकीला काय आवडलं तिथलं, तर डबा. पुतण्याच्या वर्गात मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या डब्यात हात घालतंय याला काही धरबंध नाही. तिच्या शाळेत दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायचं नाही, जास्तीचं उरलं तर जान्केन, म्हणजे कागद-कात्री-दगड, खेळून ज्याला मिळेल त्याला. सांगलीत चार दिवसांत तिने शेंगदाण्याची चटणी, साबुदाणा, कोणाची तरी मॅगी आणि एका मुलाच्या आजीची धपाटी खाल्ली. परत आल्यावर बाईंनी सुट्टीची गोष्ट सांगायला सांगितली तर हिने म्हणे धपाट्यावर दहा मिनिटं घेतली. आजोबांनी तिला त्या चार दिवसांत पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पण शिकवायला घेतली, कारण जपानी पाढे ९ गुणिले ९ ला संपतात हे ऐकून ते अस्वस्थ झाले होते. पाव त्रिक पाऊण पर्यंत गाडी आली, पुढे व्हिसा संपला म्हणू आपण.

आता धाकटा २०२७ ला पहिलीत जाईल. परत हेच घेऊ का? रांदोसेरू कायद्याने सक्तीचं नाही, हल्ली नायलॉनची हलकी पण निघालीत, निम्म्यापेक्षा कमी किमतीत. मी सहावीपर्यंत टिकण्याबद्दल पाच पैकी पाच देईन, पावसाला पाच (सांगलीच्या पावसाला सुद्धा), वजनाला दोन, डब्याला शून्य. नवरा म्हणतो नायलॉन घेऊ. धाकटा म्हणतो ताईसारखं पण निळं. सासऱ्यांनी न विचारता पैसे पाठवलेत आणि खाली लिहिलंय, लूना विसरा.

येत्या मे महिन्यातच जाणार आहे यावेळी. आणि हो, अलार्मची बॅटरी दर एप्रिलला बदला, आमची दोन वर्षं मेलेली होती आणि मी निवांत झोपत होते.